सायक्लोफॉस्फाझीन

सायक्लोफॉस्फाझीन हा फॉस्फरस आणि नायट्रोजन यांचे अणू एकाआड एक जोडले जाऊन बनलेल्या वलयी अकार्बनी संयुगांचा वर्ग आहे. वलयातील प्रत्येक फॉस्फरसवर आणखी दोन अणू किंवा गट असतात. नायट्रोजनवर एकही नसतो. या वर्गातील सर्वांत परिचित संयुग हेक्झाक्लोरोसायक्लोट्रायफॉस्फाझीन होय. त्याच्या सहा अणूंच्या वलयावर सहा क्लोरीन अणू असतात व ते बदलून इतर बहुतेक संयुगे तयार केली जातात.

संश्लेषण

फॉस्फरस पेंटाक्लोराइड व अमोनिया यांच्या विक्रियेतून हे संयुग लीबिग आणि वोलर यांना १८३४ मध्ये अल्प प्रमाणात मिळाले. त्याची वलयी रचना एच. एन. स्टोक्स यांनी १८९० च्या दशकात सुचवली. प्रचलित पद्धत शेंक आणि रोमर यांच्या १९२४ मधील कामावर आधारलेली आहे. तीत अमोनिया वायूऐवजी अमोनियम क्लोराइड घेऊन ते फॉस्फरस पेंटाक्लोराइडसह क्लोरोबेंझीन किंवा टेट्राक्लोरोइथेनमध्ये उकळत ठेवतात. दोहोंच्या प्रत्येकी तीन रेणूंपासून एक वलय व हायड्रोजन क्लोराइडचे बारा रेणू मिळतात. सोबत आठ अणूंचे व त्याहून मोठी वलयेही तयार होतात. त्यांतून लहान वलय स्फटिकीकरणाने व निर्वातातील संप्लवनाने वेगळे करतात. ते सुमारे ११२ ते ११४° से. तापमानास वितळते.

वलयातील सहाही फॉस्फरस–नायट्रोजन बंध सारख्याच, सुमारे १५८ पिकोमीटर लांबीचे असतात. साधा एकेरी बंध सुमारे १७७ पिकोमीटरचा असतो. यावरून बेंझीनशी तुलना होते, पण ती फार ताणू नये. येथील बंध बरेच ध्रुवीय आहेत व त्यांच्या स्वरूपाविषयी दीर्घकाळ वाद झाला.

सुमारे २५०° से. तापमानास वलय उघडून लांब साखळ्या बनतात. स्टोक्स यांना मिळालेले असे ‘अकार्बनी रबर’ हवेतील ओलाव्याने बिघडत असे. हॅरी ऑलकॉक व सहकाऱ्यांनी १९६५ च्या सुमारास साखळीवरील क्लोरीन बदलून टिकाऊ बहुवारिके मिळवली.

कापसाचे ज्वालारोधन

अमरावती, अकोला या वऱ्हाडी जिल्ह्यांचे जुने नगदी पीक असलेला कापूस म्हणजे जवळजवळ शुद्ध सेल्युलोज. तो जळत राहण्यास वातावरणात सुमारे १८ टक्के ऑक्सिजन पुरेसा असतो आणि हवेत तर २१ टक्के असतो. तापल्यावर सेल्युलोजचे विघटन होऊन ज्वलनशील बाष्पे निघतात व पेट घेतात. कापडावर फॉस्फाझीन असल्यास त्यापासून फॉस्फरसयुक्त आम्ले बनतात. ती सेल्युलोजमधील पाणी काढून घेतात. त्यामुळे कोळसा अधिक उरतो व बाष्पे कमी निघतात. नायट्रोजनमुळे हा परिणाम वाढतो.

अडचण धुलाईची आहे. व्हिस्कोज रेयॉनचा धागा द्रावातून ओढला जातो, त्यामुळे प्रोपॉक्सी गट असलेले फॉस्फाझीन द्रावातच मिसळून धाग्यात कोंडता येते. कापसाचा तंतू मात्र बोंडातूनच तयार होऊन येतो. त्यावर संयुग केवळ लेपले तर ते धुपते. म्हणून सेल्युलोजच्या हायड्रॉक्सिल गटांशी बंध जोडू शकतील असे गट वलयावर बसवावे लागतात. हे काम खर्चिक असल्याने सुती कापडासाठी व्यवहारात फॉस्फोनियम क्षारांवर आधारित स्वस्त प्रक्रियाच अधिक चालतात. जिनिंगमध्ये रुईला लागणाऱ्या आगीवर हा उपाय नव्हे. तो तयार कापडासाठीच आहे.

इतर उपयोग

फिनॉक्सी गट असलेली संयुगे विद्युत मंडलांच्या पट्ट्यांमधील इपॉक्सी रेझिनांत आणि फ्लोरिनयुक्त संयुगे लिथियम विद्युतघटांच्या विद्युतविच्छेद्यात आग रोखण्यासाठी घालतात. फ्लोरोअल्कॉक्सी संयुगे वस्तुमान वर्णपटमापकाच्या अंशांकनास वापरली जातात. भारतात या क्षेत्रात बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत एस. एस. कृष्णमूर्ती यांनी आणि कानपूरच्या आयआयटीत व्ही. चंद्रशेखर यांनी संशोधन केले.