महाराष्ट्रातील ज्यू युवक संस्थांसाठी निधी उभारणी

महाराष्ट्रातील ज्यू समाजाने, विशेषतः मराठीभाषक बेने इस्रायल समाजाने, मुलांच्या व तरुणांच्या शाळा, केंद्रे आणि शिबिरे यांच्यासाठी एकोणिसाव्या शतकापासून सातत्याने निधी उभारला आहे. इ.स. १८७५ मध्ये मुंबईत सुरू झालेली व पुढे सर एली कदुरी यांच्या नावाने ओळखली जाऊ लागलेली शाळा हे या परंपरेचे सर्वांत ठळक उदाहरण होय. अमेरिकेत ज्यू युवकांच्या उन्हाळी शिबिरांच्या मालकीच्या जागा असतात आणि त्यांच्या नूतनीकरणासाठी व विस्तारासाठी मोठ्या निधी मोहिमा चालतात. महाराष्ट्रात हेच कार्य प्रामुख्याने शाळा, सिनेगॉग व समाजकेंद्र यांच्या आधारे झाले. १९४८ नंतर इस्रायलकडे झालेल्या स्थलांतरामुळे समाजाची संख्या झपाट्याने घटली आणि जमविलेला पैसा इमारतींवर खर्च करावा की कार्यक्रमांवर, हा प्रश्न महत्त्वाचा ठरला.

पार्श्वभूमी

बेने इस्रायल हा कोकणात, मुख्यतः आजच्या रायगड जिल्ह्यात, शतकानुशतके वसलेला ज्यू समाज आहे. तेल गाळण्याचा व्यवसाय आणि शनिवारी काम बंद ठेवण्याची प्रथा यांमुळे कोकणात त्यांना 'शनिवार तेली' म्हणत. दिवेकर, केहीमकर, रोहेकर, पेणकर अशी त्यांची आडनावे कोकणातील गावांवरून आलेली आहेत. अठराव्या शतकापासून अनेक कुटुंबे मुंबईत आली आणि सैन्य, रेल्वे, टपाल व सरकारी कचेऱ्यांतील नोकऱ्यांमध्ये स्थिरावली. त्यामुळे या समाजात व्यापारी धनिक थोडे आणि ठरावीक पगारावर जगणारी कुटुंबे अधिक होती. निधी उभारणीच्या पद्धतीवर या वस्तुस्थितीचा मोठा परिणाम झाला.

मुंबईतील पहिले सिनेगॉग सॅम्युएल इझिकेल (सामाजी हसाजी) दिवेकर यांनी १७९६ मध्ये बांधले. ते ईस्ट इंडिया कंपनीच्या सैन्यात अधिकारी होते. टिपू सुलतानाविरुद्धच्या युद्धात कैद होऊन सुटका झाल्याबद्दल कृतज्ञता म्हणून त्यांनी ते उभारले, असे परंपरा सांगते. 'शार हारहमीम' अर्थात दयेचे द्वार हे त्याचे नाव असून समाजात ते 'जुनी मशीद' म्हणूनही ओळखले जाते.

मिशनरी शाळा आणि स्वतंत्र शाळेची गरज

एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात बेने इस्रायल मुलांना आधुनिक शिक्षण मुख्यतः ख्रिस्ती मिशनऱ्यांच्या शाळांतून मिळाले. १८१३ मध्ये मुंबईत आलेल्या अमेरिकन मराठी मिशनच्या शाळांत या समाजातील विद्यार्थी व शिक्षक होते. याच मिशनने १८३१ मध्ये अहमदनगर (आताचे अहिल्यानगर) येथे ठाणे उघडले आणि ते शहर पुढे त्याच्या शैक्षणिक कार्याचे मोठे केंद्र बनले. स्कॉटिश मिशनरी जॉन विल्सन यांनी १८३२ मध्ये मराठीतून हिब्रू व्याकरण प्रसिद्ध केले.

या शाळांमुळे हिब्रू भाषेची व बायबलच्या जुन्या कराराची ओळख वाढली, परंतु धर्मशिक्षण मात्र परधर्मीय संस्थेच्या हाती राहिले. समाजाच्या स्वतःच्या शाळेची गरज त्यातून पुढे आली.

इस्रायलाइट स्कूल (सर एली कदुरी शाळा)

हायीम सॅम्युएल केहीमकर (जन्म १८३०) आणि त्यांचे सहकारी यांनी १८५३ मध्ये समाजात शिक्षणप्रसार करण्यासाठी एक मंडळी स्थापन केली. प्रत्यक्ष शाळा सुरू होण्यास मात्र १८७५ साल उजाडले. मराठी, इंग्रजी आणि हिब्रू या तिन्ही भाषा शिकविणारी ही शाळा टप्प्याटप्प्याने वाढत गेली आणि १८९२ मध्ये तिला हायस्कूलचे स्वरूप आले.

शाळेच्या खर्चाचे मार्ग तीन प्रकारचे होते. समाजातील कुटुंबांची वर्गणी हा पहिला, सरकारी अनुदान हा दुसरा आणि परदेशातील ज्यू संस्थांचे साहाय्य हा तिसरा. लंडन येथे १८७१ मध्ये स्थापन झालेल्या अँग्लो-ज्यूइश असोसिएशनने शाळेला अनुदान दिले. दूरच्या दात्यांना हा समाज कोण, त्याचा धर्माचार कसा आणि त्याची गरज कोणती, हे समजावून सांगणे आवश्यक होते. केहीमकरांनी १८९७ मध्ये समाजाचा विस्तृत इतिहास इंग्रजीत लिहून पूर्ण केला. तो १९३७ मध्ये तेल अवीव येथे ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाला.

विसाव्या शतकात शाळेच्या विकासास सर एली कदुरी यांच्या देणगीने मोठा हातभार लावला. बगदाद येथे जन्मलेले कदुरी हे हाँगकाँग व शांघाय येथील उद्योगपती होते. १९३० च्या दशकात माझगाव येथील या शाळेला त्यांचे नाव देण्यात आले. वर्गणीतून सुरू झालेल्या संस्थेचा विस्तार एका मोठ्या दात्यामुळे होणे आणि त्या बदल्यात संस्थेचे नाव बदलणे, हा प्रघात जगभरातील निधी मोहिमांत आढळतो.

स्थलांतरानंतर शाळेतील ज्यू विद्यार्थ्यांची संख्या अत्यल्प झाली. आज तेथील बहुसंख्य विद्यार्थी अन्य धर्मांचे असून त्यांत मुस्लिम विद्यार्थ्यांचे प्रमाण मोठे आहे. ज्या समाजाच्या मुलांसाठी निधी जमविला गेला तो समाज विरळ झाला, तरी संस्थेचे शैक्षणिक कार्य शेजारच्या वस्तीसाठी चालू राहिले.

बगदादी ज्यू व सासून घराण्याच्या देणग्या

मुंबई व पुण्यातील बगदादी ज्यू समाजात निधी उभारणीचे चित्र वेगळे होते. बगदादहून मुंबईत आलेले व्यापारी डेव्हिड सासून (१७९२–१८६४) आणि त्यांचे वंशज यांनी बहुतेक संस्था स्वतःच्या संपत्तीतून उभारल्या. भायखळ्याचे मागेन डेव्हिड सिनेगॉग आणि पुण्यातील ओहेल डेव्हिड सिनेगॉग, म्हणजेच 'लाल देऊळ', ही त्यांपैकी प्रमुख होत. मुंबईच्या काळा घोडा परिसरातील केनेसेथ एलियाहू सिनेगॉग जेकब सासून यांनी वडील एलियास यांच्या स्मरणार्थ १८८४ मध्ये बांधविले. भायखळा येथे सासून घराण्याच्या नावाने ज्यू मुलांसाठी शाळाही निघाल्या.

एकाच घराण्याच्या आश्रयाने संस्था लवकर आणि भव्य उभी राहते. मात्र ते घराणे दुसरीकडे गेले की देखभालीचा भार विश्वस्त निधीच्या उत्पन्नावर पडतो.

अहमदनगर आणि युद्धकाळातील मदतकार्य

अहमदनगरचा ज्यू समाजाच्या निधिकार्याशी थेट संबंध दुसऱ्या महायुद्धाच्या काळात आला. जर्मनीतील छळातून निसटून भारतात आलेल्या निर्वासितांसाठी मुंबईत १९३४ मध्ये ज्यूइश रिलीफ असोसिएशन ही संस्था स्थापन झाली होती. निर्वासित सरकारवर भार होणार नाहीत, अशी त्यांच्या निर्वाहाची हमी ही संस्था देत असे. त्यासाठी भारतातील ज्यू समाजाकडून निधी गोळा केला जाई.

सप्टेंबर १९३९ मध्ये युद्ध सुरू होताच ब्रिटिश सरकारने जर्मन व ऑस्ट्रियन नागरिकांना शत्रुराष्ट्राचे प्रजाजन म्हणून अहमदनगर येथील स्थानबद्धता छावणीत ठेवले. पहिल्या महायुद्धातही तेथे अशी छावणी होती. स्थानबद्ध केलेल्यांत नाझी राजवटीचे समर्थक होते, तसेच त्याच राजवटीपासून पळून आलेले ज्यू निर्वासितही होते. चौकशीनंतर बहुतेक ज्यू निर्वासितांची सुटका झाली. या काळात समाजाच्या देणग्यांचा ओघ साहजिकच मदतकार्याकडे वळला.

युवक चळवळी आणि शिबिरे

स्वातंत्र्याच्या आगेमागे मुंबईत 'हबोनिम' व पुढे 'बने अकीवा' या आंतरराष्ट्रीय ज्यू युवक संघटनांचे कार्य चालू होते. खेळ, गाणी, हिब्रू भाषा, सणांची माहिती आणि सामुदायिक जीवन यांवर त्यांच्या कार्यक्रमांचा भर असे.

१९५१ च्या जनगणनेत भारतात सुमारे २६ हजार ज्यू होते. एकविसाव्या शतकात ही संख्या चार-पाच हजारांवर आली असून त्यातील निम्म्याहून अधिक लोक महाराष्ट्रात राहतात. मुंबई, ठाणे, पुणे आणि रायगड जिल्ह्यात विखुरलेल्या कुटुंबांतील मुलांना शाळेत किंवा शेजारी ज्यू सवंगडी क्वचितच मिळतात. त्यामुळे समवयस्कांची ओळख, शब्बाथ एकत्र पाळणे, कोशर भोजन आणि पुढे विवाहसंबंध जुळण्याची शक्यता या दृष्टींनी शिबिराला नियमित शाळेपेक्षाही अधिक महत्त्व आले.

१९१४ मध्ये न्यूयॉर्क येथे स्थापन झालेली अमेरिकन ज्यूइश जॉइंट डिस्ट्रिब्यूशन कमिटी ही मदतसंस्था १९६० च्या दशकापासून भारतात कार्यरत आहे. तिच्या साहाय्याने मुंबईत एव्हलिन पीटर्स ज्यूइश कम्युनिटी सेंटर चालते. मुले, युवक व ज्येष्ठ नागरिक यांच्यासाठी तेथे कार्यक्रम होतात. व्यावसायिक शिक्षण देणाऱ्या 'ओआरटी' या संस्थेचे कार्यही भारतात १९६० च्या दशकात सुरू झाले.

याच अमेरिकन कमिटीने रोनाल्ड लॉडर यांच्या प्रतिष्ठानासह १९९० मध्ये हंगेरीतील सार्वाश येथे आंतरराष्ट्रीय ज्यू युवक शिबिर सुरू केले. साम्यवादी राजवटीत धर्मपरंपरेपासून दुरावलेल्या पूर्व युरोपातील मुलांसाठी ते प्रथम योजले होते. पुढे भारतातील ज्यू तरुणांनीही त्यात भाग घेतला आहे.

अमेरिकेतील शिबिरांशी तुलना

उत्तर अमेरिकेत ज्यू उन्हाळी शिबिरांची परंपरा शतकाहून जुनी आहे. न्यूयॉर्क राज्यातील सरप्राइज लेक कॅम्प १९०२ मध्ये सुरू झाला. शहरातील दाट वस्तीत राहणाऱ्या गरीब स्थलांतरित मुलांना मोकळी हवा मिळावी, हा आरंभीचा उद्देश होता. पुढे धर्म व भाषा यांच्या शिक्षणाला प्राधान्य मिळाले. १९४७ मध्ये विस्कॉन्सिन येथे सुरू झालेल्या 'रामा' शिबिरांनी हिब्रूवर विशेष भर दिला. या क्षेत्राला निधी व मार्गदर्शन मिळवून देण्यासाठी १९९८ मध्ये फाउंडेशन फॉर ज्यूइश कॅम्प ही संस्था स्थापन झाली.

अशा शिबिरांच्या निधी मोहिमांत सामान्यतः पुढील मार्ग वापरले जातात :

• आरंभीच्या देणग्या : मोहीम जाहीर करण्यापूर्वी मोजक्या दात्यांकडून एकूण उद्दिष्टाचा मोठा भाग निश्चित केला जातो.
• जोड देणगी : इतरांनी ठरावीक रक्कम जमविल्यास तितकीच, किंवा ठरलेल्या प्रमाणात, रक्कम देण्याचे वचन एखादा दाता देतो. हॅरॉल्ड ग्रिनस्पून फाउंडेशनने ज्यू शिबिरांसाठी ही पद्धत मोठ्या प्रमाणावर वापरली.
• नामकरण : भोजनगृह, निवासखोल्या किंवा प्रार्थनास्थळ यांना दात्याचे अथवा त्याच्या आप्तांचे नाव दिले जाते.
• माजी शिबिरार्थी : पूर्वी शिबिरात राहिलेल्या व्यक्तींकडून लहान पण नियमित देणग्या मिळविल्या जातात.
• कायम निधी : मुद्दल न मोडता केवळ उत्पन्नातून देखभाल व गरजू मुलांचे शुल्क भागविले जाते.

जमलेला पैसा बहुधा सांडपाणी, स्वच्छतागृहे, स्वयंपाकघर, अग्निसुरक्षा आणि अपंग मुलांसाठी सोयी यांवर खर्च होतो. दाते मात्र नाव लागू शकेल अशा इमारतीला पसंती देतात, म्हणून जमिनीखालच्या कामांसाठी पैसा मिळविणे कठीण जाते. नैसर्गिक आपत्तीनंतर पुनर्बांधणीसाठीही मोहिमा होतात. ऑक्टोबर २०१७ मधील वणव्यात कॅलिफोर्नियातील सांता रोझा येथील कॅम्प न्यूमनची बहुतेक वास्तू नष्ट झाली होती.

स्वतःची जागा असल्यास वर्षानुवर्षे तीच झाडे, तेच भोजनगृह आणि त्याच आठवणी राहतात व त्यांतूनच पुढचे दाते तयार होतात. मात्र ती जागा वर्षभर सांभाळावी लागते. थोड्या लोकसंख्येच्या समाजाला गरजेपुरती भाड्याने घेतलेली जागा स्वस्त पडते, पण तिच्याभोवती दात्यांची परंपरा सहसा निर्माण होत नाही.

कायदेशीर चौकट

महाराष्ट्रातील सार्वजनिक न्यास महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्तव्यवस्था अधिनियम, १९५० खाली नोंदविले जातात. न्यासाची स्थावर मालमत्ता विकण्यासाठी अथवा दीर्घ मुदतीच्या भाडेपट्ट्याने देण्यासाठी कलम ३६ अन्वये धर्मादाय आयुक्तांची पूर्वपरवानगी लागते. त्यामुळे वापरात नसलेली जुनी मालमत्ता विकून नवी युवक संस्था उभारणे हा निर्णय विश्वस्तांना परस्पर घेता येत नाही. देशांतर्गत देणगीदारांना प्राप्तिकर कायद्यानुसार, मान्यताप्राप्त न्यासाला दिलेल्या देणगीवर सवलत मिळते.

परदेशी नागरिक व संस्था यांच्याकडून येणाऱ्या रकमेला परकीय अंशदान (विनियमन) अधिनियम, २०१० लागू होतो. इस्रायलचे नागरिकत्व घेतलेल्या मराठी ज्यू व्यक्तीची देणगीही परकीय अंशदानात मोडते, तर परदेशात राहणाऱ्या भारतीय नागरिकाने स्वतःच्या बचतीतून बँकेमार्फत दिलेली देणगी त्यात मोडत नाही. २०२० च्या दुरुस्तीनुसार असे अंशदान दिल्लीतील भारतीय स्टेट बँकेच्या मुख्य शाखेतील खात्यातच स्वीकारावे लागते, ते दुसऱ्या संस्थेकडे वळविता येत नाही आणि प्रशासकीय खर्चाची मर्यादा २० टक्के आहे. बहुतेक आप्त इस्रायलमध्ये असलेल्या या समाजाच्या दृष्टीने ही तरतूद विशेष महत्त्वाची ठरते.

महाराष्ट्र शासनाने २०१६ मध्ये ज्यू समाजाला राज्यात अल्पसंख्याक दर्जा दिला.

नूतनीकरणाचे अलीकडील उदाहरण

केनेसेथ एलियाहू सिनेगॉगचे जतन-संवर्धन २०१९ मध्ये पूर्ण झाले. वास्तुविशारद आभा नारायण लांबा यांच्या मार्गदर्शनाखाली झालेल्या या कामाला जेएसडब्ल्यू फाउंडेशन, वर्ल्ड मॉन्युमेंट्स फंड आणि काळा घोडा असोसिएशन यांचे साहाय्य लाभले. त्याच वर्षी या वास्तूला युनेस्कोचा आशिया-पॅसिफिक वारसा संवर्धन पुरस्कार मिळाला.

या प्रकल्पाला समाजाबाहेरून मोठा निधी मिळाला, कारण ही वास्तू शहराचा वारसा म्हणून मान्यता पावलेली आहे. युवक शिबिराला असा आधार नसतो. त्याची फलनिष्पत्ती इमारतीत दिसत नाही. ती पुढील पिढीच्या सहभागात दिसते. वारसावास्तूसाठी कंपन्यांचा व आंतरराष्ट्रीय न्यासांचा निधी, तर युवक कार्यक्रमांसाठी समाजातील वर्गणी व परदेशी ज्यू संस्थांचे साहाय्य, अशी विभागणी त्यातून दिसून येते.

हे सुद्धा पहा

• बेने इस्रायल
• बगदादी ज्यू
• डेव्हिड सासून
• ओहेल डेव्हिड सिनेगॉग
• भारतातील ज्यू धर्म