भीती नेमकी कोणत्या लशीची? लखनऊ छावणी, चौदा इंजेक्शने आणि चार किलोची कुत्री

हे टिपण अभ्यासक्रमातल्या ठरलेल्या प्रकरणावरचे नाही. ते गेल्या उन्हाळ्यात आलेल्या एका फोनमधून निघाले. माझी धाकटी बहीण लखनऊच्या छावणीत राहते. तिचे यजमान सैन्यात आहेत. तिच्याकडे चार किलो वजनाची पॉमेरेनियन कुत्री आहे, नाव चिमणी. आदल्या वर्षी लस टोचल्यावर तासाभरात चिमणीचे तोंड सुजले, अंगावर गांधी उठल्या, दोनदा उलटी झाली. डॉक्टरांनी लगेच औषध दिल्याने ती संध्याकाळपर्यंत बरी झाली. या वर्षी पुन्हा तारीख आली तेव्हा बहिणीने विचारले, "ताई, तीस किलोच्या लॅब्राडोरला जेवढी देतात तेवढीच हिला? अर्धी द्यायला सांगू का? की यंदा राहू दे?"

मागून आईचा आवाज आला. "नकोच ती लस. अण्णांना चौदा टोचली होती पोटात. पुढे वर्षभर पाय उचलत नव्हते त्यांचे."

अण्णा म्हणजे आईचे काका. आई खोटे बोलत नव्हती आणि बहिणीचा प्रश्नही वेडगळ नव्हता. पण अण्णांची लस आणि चिमणीची लस या दोन वेगळ्या वस्तू आहेत. नाव एक राहिले आणि आतली वस्तू बदलली, असे तंत्रज्ञानाच्या इतिहासात वारंवार होते. अशा वेळी जुन्या वस्तूची भीती नव्या वस्तूला चिकटून येते. ती कुठून आली ते आपण पाहू.

पॅरिसची बोट आणि कसौलीची गाडी

६ जुलै १८८५ रोजी लुई पाश्चर यांच्या देखरेखीखाली जोसेफ माइस्टर या नऊ वर्षांच्या मुलाला पहिली सुई टोचली गेली, हे तुम्ही शाळेत वाचले आहे. शाळेच्या पुस्तकात सहसा नसते ते असे, की ती लस साठवता येत नव्हती. रेबीज झालेल्या सशाचा मज्जारज्जू कोरड्या हवेत टांगून वाळवायचा. जितके दिवस वाळेल तितका विषाणू दुबळा. रुग्णाला आधी जास्त वाळलेला आणि मग रोज थोडा ताजा भाग द्यायचा. म्हणजे सशांची अखंड रांग हवी, रोजचे काम हवे आणि रुग्ण त्या इमारतीत हजर हवा.

१८५७ नंतर लखनऊ शहराच्या आग्नेयेला नवी छावणी वसली. दिलकुशा कोठीचे अवशेष, सदर बाजार, रुंद रस्ते, मोठ्या आवारांचे बंगले. बंगल्यात साहेबाचा टेरिअर आणि कुंपणापलीकडे बाजारातली कुत्री आणि रात्री कोल्हे. पिसाळलेल्या जनावराला कुंपण कळत नाही. छावणीतल्या गोऱ्या शिपायाला असा कुत्रा चावला, तर एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपर्यंत खरा उपचार एकच होता: रेल्वेने मुंबई, बोटीने युरोप आणि पुढे पॅरिस. सरकार आपल्या सैनिकांना असे पाठवत असे. प्रवासातच काही आठवडे जात. रेबीजचा विषाणू चेतातंतूंतून सावकाश मेंदूकडे सरकतो, लक्षणे दिसायला बहुधा एक ते तीन महिने लागतात, म्हणून हा प्रवास अगदीच निरर्थक नव्हता. चावा चेहऱ्यावर असेल तर मात्र वेळ फार कमी. सदर बाजारातल्या हमालासाठी पॅरिसचा पर्याय नव्हताच.

१९०० मध्ये कसौलीला पाश्चर इन्स्टिट्यूट सुरू झाले. प्रमुख होते लष्करी डॉक्टर मेजर डेव्हिड सेम्पल. कालक्यापर्यंत रेल्वे १८९१ मध्येच पोचली होती, त्यामुळे लखनऊहून आता काही दिवसांत उपचारापर्यंत जाता येऊ लागले. कसौलीला हिंदुस्थानी रुग्णही मोठ्या संख्येने जाऊ लागले. दक्षिणेत कुन्नूरची संस्था १९०७ मध्ये उघडली. तिला हेन्री फिप्स या अमेरिकन उद्योगपतीच्या देणगीचा आधार होता. तरी मूळ अडचण तशीच होती: लस जागेवर, रुग्ण प्रवासात.

सेम्पल यांनी १९११ मध्ये हीच अडचण उलटी केली. रेबीजग्रस्त प्राण्याच्या मेंदूचा लगदा फिनॉलमध्ये, शरीराच्या तापमानाला ठेवून त्यांनी विषाणू मारला. मेलेला विषाणू बाटलीत भरता येतो आणि बाटली रेल्वेने पाठवता येते. माझ्या मते वैद्यकीय अभियांत्रिकीच्या दृष्टीने हे पाश्चर यांच्या शोधाइतकेच मोठे पाऊल होते, पण सेम्पल यांचे नाव आज प्रश्नपत्रिकेतसुद्धा येत नाही. पुढच्या काळात उपचार जिल्ह्याच्या दवाखान्यांपर्यंत पोचला. मुंबईत परळच्या हाफकिन संस्थेतही मेंढीच्या मेंदूपासून ही लस बनत असे. 'पोटात चौदा इंजेक्शने' हा शब्दप्रयोग मराठी घरांत आला तो या लशीमुळे. रोज एक सुई, पोटाच्या कातडीखाली. तेवढ्या पातळ लगद्याला जागा हवी म्हणून पोट.

अण्णांचे पाय

मेंदूपासून लस करायची तर बाटलीत विषाणूबरोबर मेंदूही येतो. चेतातंतूंवर मायेलिन नावाचे आवरण असते. तारेवरचे इन्सुलेशन समजा. मेंढीचे मायेलिन आणि आपले मायेलिन यांत बरेच साम्य आहे. चौदा दिवस ते टोचत राहिले, की काही माणसांच्या शरीराची संरक्षणव्यवस्था विषाणूसोबत मायेलिनविरुद्धही उठते आणि स्वतःच्याच तारांचे इन्सुलेशन खरवडते. परिणाम: अशक्तपणा, लुळे पाय, कधी मृत्यू. वेगवेगळ्या ठिकाणच्या नोंदींत याचे प्रमाण काही शेकड्यांत एकापासून काही हजारांत एकापर्यंत आढळते. अण्णा त्या एकांतले असावेत.

मग डॉक्टर ही लस देत तरी का होते? कारण लक्षणे दिसू लागल्यावर रेबीज जवळजवळ नेहमीच जीव घेतो. हजारांत एकाचे पाय जाण्याचा धोका त्या खात्रीच्या मृत्यूपुढे पत्करावा लागे. मात्र चावणारा कुत्रा पिसाळलेला होता की नुसताच चिडलेला, हे अनेकदा कळत नसे, आणि तेव्हा हा हिशेब फार कडू होई. चावलेला कुत्रा पळून गेला म्हणून चौदा सुया घेतलेली माणसे तुमच्याही घरात निघतील.

यावर उतारा होता. पेशी प्रयोगशाळेत वाढवायच्या आणि त्यांत विषाणू वाढवायचा, म्हणजे मेंदू मध्ये येतच नाही. १९७० च्या दशकात इराणमध्ये पिसाळलेल्या लांडग्यांनी व कुत्र्यांनी गंभीर चावे घेतलेल्या ४५ जणांना अशी लस, सोबत प्रतिपिंडांचा द्रव, देण्यात आला. एकालाही रेबीज झाला नाही. हा निकाल १९७६ मध्ये प्रसिद्ध झाला. भारतात मात्र मेंदूची लस २००४ च्या अखेरीपर्यंत बनत राहिली. किंमत हे मोठे कारण होते. तरी मध्ये गेलेली ही जवळजवळ तीस वर्षे मला नेहमी खटकतात. आईच्या पिढीच्या आठवणीत ती भीती घट्ट बसली त्याला ही दिरंगाईही जबाबदार आहे.

कुत्र्यांची लस

माणसाला चाव्यानंतर लस द्यायची, तर कुत्र्याला आधीच का देऊ नये? ब्रिटिश राजवटीला हा विचार फारसा सुचला नाही, आणि त्यामागे त्यांचा स्वतःचा अनुभव होता. ब्रिटनने मुसक्या बांधण्याची सक्ती आणि बाहेरून येणाऱ्या कुत्र्यांचे विलगीकरण एवढ्याच बळावर १९०२ पर्यंत बेटावरून रेबीज घालवला होता. तोच नकाशा इथे लावला गेला. १९२४ च्या छावणी कायद्यात कुत्र्यांची नोंदणी, गळपट्ट्याला धातूचा बिल्ला आणि बिल्ला नसलेल्या किंवा पिसाळल्याचा संशय असलेल्या कुत्र्याची विल्हेवाट यांची तरतूद होती. बेटावर चालणारा उपाय गंगेच्या मैदानात कसा चालावा? इथे एक कुत्रा मारला की त्याच्या जागेवर आणि उकिरड्यावर आठवड्यात दुसरा येतो.

त्याच सुमारास, १९२१ मध्ये, जपानमध्ये उमेनो आणि दोई या संशोधकांनी कुत्र्यांसाठी एकाच टोचणीची लस मांडली. पुढे १९४८ मध्ये कोप्रोवस्की आणि कॉक्स यांनी कोंबडीच्या अंड्यातल्या गर्भात वाढवून दुबळा केलेला 'फ्लरी' विषाणू वापरात आणला. ही जिवंत लस होती. तिच्या कमी वाढवलेल्या प्रकाराची शिफारस तीन महिन्यांवरच्या कुत्र्यांनाच होती. पिल्ले, मांजरे, गुरे यांना ती चालत नसे. क्वचित एखाद्या कुत्र्याला लशीतल्या विषाणूनेच आजार झाल्याच्या नोंदी आहेत. म्हणजे कुत्र्यांच्या बाबतीतही 'लशीने रेबीज होतो' ही भीती हवेतून आलेली नाही. पण आज दवाखान्यात चिमणीला मिळते ती लस पेशींत वाढवून मारलेल्या विषाणूची असते. तिने रेबीज होऊ शकत नाही, आणि तिच्यात मेंढीचा मेंदूही नाही.

या लशीने काय साधते ते पाहायला दूर जायला नको. गोव्यात २०१४ पासून सरकार आणि मिशन रेबीज यांनी दरवर्षी घरोघरी आणि गल्लोगल्ली कुत्र्यांचे लसीकरण केले. लक्ष्य साधारण ७० टक्के कुत्र्यांचे. २०१८ पासूनची काही वर्षे तिथे माणसाचा रेबीजने मृत्यू नोंदला गेला नाही आणि २०२१ मध्ये राज्य रेबीज-नियंत्रित क्षेत्र म्हणून जाहीर झाले.

अर्धी मात्रा

आता बहिणीचा प्रश्न. लहान कुत्र्यांना त्रास जास्त होतो का? होतो. अमेरिकेतील एका मोठ्या दवाखाना-साखळीच्या २००२ व २००३ या दोन वर्षांच्या नोंदींचा अभ्यास २००५ मध्ये प्रसिद्ध झाला. १२,२६,१५९ कुत्रे, सर्व प्रकारच्या लशी मिळून, आणि तीन दिवसांत आढळलेले त्रास ४,६७८. म्हणजे दहा हजार कुत्र्यांमागे सुमारे ३८. वजन कमी तसा धोका अधिक. आणि आपल्या कामाचा निष्कर्ष पुढे आहे: दहा किलोपर्यंतच्या कुत्र्यांत त्याच भेटीत दिलेल्या प्रत्येक जादा लशीमागे धोका २७ टक्क्यांनी वाढत होता, मोठ्या कुत्र्यांत १२ टक्क्यांनी. चिमणीला आदल्या वर्षी एकाच बैठकीत रेबीजची आणि सोबत अनेक आजारांची एकत्रित लस दिली होती. हे बहिणीने मी विचारल्यावर सांगितले. तिला ते महत्त्वाचे वाटले नव्हते.

मग अर्धी मात्रा का नको? पॅरासिटामॉल रक्तात विरघळते, म्हणून किलोमागे मोजावे लागते. लस तशी काम करत नाही. ती संरक्षणव्यवस्थेला एक इशारा देते, आणि त्या इशाऱ्याला उंबरठा असतो. रिलेला अर्धे व्होल्टेज दिले तर तो अर्धा ओढत नाही, ओढतच नाही. बाटलीतली एक मिलिलिटर ही किमान पुरेशी मात्रा आहे, म्हणून पशुवैद्यांच्या जागतिक संघटनेच्या मार्गदर्शनात चिवावा आणि ग्रेट डेन यांना सारखीच मात्रा सांगितली आहे. उलट ॲलर्जीला फार थोडा अंशही पुरतो. जपानमधल्या अभ्यासात असा त्रास झालेल्या अनेक कुत्र्यांच्या रक्तात, लस बनवताना वापरलेल्या वासराच्या रक्तद्रवाविरुद्ध प्रतिपिंडे सापडली. म्हणजे अर्धी मात्रा देऊन त्रास टळेलच असे नाही, संरक्षण मात्र हातचे जाऊ शकते.

राहूच द्यायची, हा तिसरा पर्याय. चिमणी घरातच असते, असे बहीण म्हणाली. छावणीत माकडे आहेत, मुंगूस आहेत, फाटकाशी झोपणारी कुत्री आहेत, आणि चिमणी दिवसातून दोनदा फाटकाबाहेर जाते. तिला पिसाळलेले काही चावले आणि ती बहिणीच्या मुलाला चावली, तर हिशेब फक्त कुत्रीचा राहत नाही. (चावा कुणाचाही असो, जखम आधी साबण आणि वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटे धुवायची आणि त्याच दिवशी दवाखाना गाठायचा, हे परीक्षेत नाही आले तरी लक्षात ठेवा.)

आधीच्या वेळी कुत्रा कोसळला असेल, श्वास अडकला असेल, तर गोष्ट वेगळी. तिथे पुढचे फक्त पशुवैद्याने ठरवायचे. चिमणीचे तसे नव्हते. म्हणून मी बहिणीला एवढेच सुचवले: मागच्या त्रासाचे फोटो डॉक्टरांना दाखव, ॲलर्जीचे औषध आधी द्यायचे का ते त्यांना ठरवू दे, त्या दिवशी फक्त रेबीजची लस, बाकीची काही आठवड्यांनी. सकाळची वेळ घे, म्हणजे त्रास झालाच तर दिवसभर दवाखाना उघडा असेल. आणि लस फ्रिजमधून काढतात का ते पाहा. दोन ते आठ अंश लागतात. लखनऊच्या मे महिन्यात वीज किती वेळा जाते ते तुलाच ठाऊक.

ती मंगळवारी सकाळी गेली. पूर्ण मात्रा दिली. तासभर बाकावर बसली. चिमणीची एक पापणी किंचित सुजली आणि दुपारपर्यंत उतरली. कार्डावर तारीख, बॅच क्रमांक आणि बाटलीवरचे लेबल चिकटवून घेतले. संध्याकाळी आईचा फोन आला.

"किती टोचली?"

"एक."

"आणि पुढची?"

"पुढच्या वर्षी."