शीड, डिझेल आणि नळी

पापडी म्हटले की पुणेकराच्या डोळ्यांपुढे वालपापडीची भाजी येते. आमची पापडी वसईची. इथून किल्ल्याकडे निघाले, की पुढे पाचूबंदर लागते, आणि नाक सांगते : आता होड्या आल्या. वासात अर्धा वाटा मासळीचा, अर्धा डिझेलचा.

खरे तर वसईचा इतिहास घडला तो वाऱ्यावर. १५३४ साली पोर्तुगिजांनी वसई मिळवली ती शिडाच्या जहाजांच्या जोरावर. १७३९ साली चिमाजी अप्पांनी ती जिंकली, तेव्हा शरण आलेले पोर्तुगीज गेले तेही शिडे उभारूनच. येताना वारा, जाताना वारा. दोनशे वर्षांच्या हिशेबात इंधनाच्या खात्यावर एक पैसाही नाही!

मग रुडॉल्फ डिझेल नावाचा जर्मन गृहस्थ आला. १८९७ साली त्याचे एंजिन नीट चालू लागले. १९०० सालच्या पॅरिसच्या प्रदर्शनात अशा एका एंजिनाला चक्क शेंगदाण्याचे तेल पाजण्यात आले होते. (आज तो बेत कुणाला परवडेल?) १९१३ साली हा गृहस्थ इंग्लंडला जाताना भर समुद्रात बोटीवरून नाहीसा झाला. बोट वाफेची होती!

स्वातंत्र्यानंतर आपल्या किनाऱ्यावरच्या मच्छीमार होड्यांत त्याचे एंजिन बसू लागले. वाऱ्याची मनधरणी संपली, मासळी वेळेवर बाजारात पोचू लागली. मात्र वारा बिल पाठवत नसे, डिझेलवाला पाठवतो. आणि वारा ओतावा लागत नसे.

हे ओतणे म्हणजे काय प्रकरण आहे, ते होडीत बसल्यावर कळते. वीस लिटरचा भरलेला कॅन सतरा किलोंच्या आसपास भरतो. एक हात कॅनला, दुसरा नरसाळ्याला. डुलत्या होडीत धरून उभे राहायला तिसरा हात देवाने दिलेला नाही. चार थेंब फळीवर सांडले, की पाय घसरलाच म्हणून समजा.

म्हणून नळी. कॅन वर, टाकी खाली. नळी एकदा भरली की उरलेले काम गुरुत्वाकर्षण फुकट करते. डिझेल पाण्याहून हलके, त्यामुळे कॅनमध्ये शिरलेले पाणी तळाला बसते. चहाच्या गाळासारखे ते तिथेच राहू द्यावे, नाहीतर भर समुद्रात एंजिन रुसते.

पण पहिल्यांदा नळी भरायची कशी? आपल्याकडचे पिढीजात उत्तर : तोंडाने ओढून! तोंड कडू होते, एवढ्यावर हे भागत नाही. थेंब श्वासनलिकेत उतरले तर फुप्फुसे सुजतात, माणूस दगावूही शकतो. डिझेल पोटात गेलेल्याला मुद्दाम उलटी करवू नये म्हणतात, ते याच भीतीने. एंजिन शंभर वर्षांत कुठल्या कुठे गेले आणि त्याला पाजणारा माणूस अजून नळी चोखतो आहे!

खरे म्हणजे उपाय आपल्या स्वयंपाकघरात कधीच येऊन गेला. रॉकेलच्या डब्यात बुडवायचा तो पत्र्याचा हातपंप आठवतो? दांडी खालीवर केली की रॉकेल निमूट स्टोव्हच्या टाकीत. नळीला तोंड लावून स्टोव्ह भरणारी गृहिणी कुणी पाहिली आहे काय? तसाच हातपंप, किंवा हाताने दाबायचा रबरी फुगा, होडीत ठेवला की झाले. किंमत डॉक्टरच्या बिलापेक्षा कमी. आणि खरेदीला घरातल्या बाईमाणसाला बरोबर न्यावे. भाव आणखी उतरेल.