सेकंड हँड रिव्हर क्रूझर घ्यायचीय? आधी नदी बघा, मग बोट

जुन्या वस्तू विकणाऱ्या कुठल्याही अ‍ॅपवर 'बोट' असा शब्द टाकला की मुंबई, गोवा, केरळमधल्या जाहिराती समोर येतात. पांढरीशुभ्र फायबरची बोट, छोटी केबिन, वर ताडपत्रीचं छत आणि खाली एक ओळ, 'कंडिशन एकदम चांगली'. ताडोबाला येणाऱ्या पर्यटकांची गर्दी बघून भद्रावती, चंद्रपूर भागातल्या एखाद्या रिसॉर्टवाल्याला, बचत गटाला किंवा मच्छीमार संस्थेला वाटणं साहजिक आहे की अशी एक बोट आपल्याकडेही असावी.

पण जुनी बोट घेणं म्हणजे जुनी कार घेणं नाही. कारला रस्ता तयार मिळतो, बोटीला पाणी मिळेलच असं नाही. कार बंद पडली तर माणूस उतरून चालू लागतो, नदीच्या मध्यावर तशी सोय नसते. त्यामुळे पैसे मोजण्याआधी काय काय बघायचं, ते क्रमाने समजून घेऊया.

रिव्हर क्रूझर म्हणजे नक्की काय?

नदी, खाडी किंवा धरणाच्या शांत पाण्यात चालणारी, बसायला-झोपायला केबिन असलेली इंजिनाची बोट म्हणजे रिव्हर क्रूझर. समुद्रातल्या बोटीपेक्षा तिचा तळ सपाट असतो, कारण तिला कमी पाण्यात चालायचं असतं.

यातला सगळ्यात महत्त्वाचा शब्द म्हणजे 'ड्राफ्ट'. बोटीचा जेवढा भाग पाण्याखाली असतो, तो तिचा ड्राफ्ट. १३ जानेवारी २०२३ ला वाराणसीहून दिब्रुगडला निघालेली 'गंगा विलास' ही ६२ मीटर लांबीची क्रूझ १.४ मीटर ड्राफ्टवर चालते. म्हणजे एवढ्या मोठ्या बोटीलाही साधारण छातीइतकं पाणी लागतं, आणि तेही सलग, मध्ये कुठे न तुटता. छोट्या केबिन बोटीला यापेक्षा कमी पाणी पुरतं, पण 'सलग' ही अट तिलाही चुकत नाही.

भद्रावतीजवळ एवढं पाणी आहे का?

भद्रावती तालुक्याच्या पश्चिमेला वर्धा नदी आहे. मध्य प्रदेशातल्या बैतुल जिल्ह्यात मुलताईजवळ उगम पावणारी ही नदी पुढे वैनगंगेला मिळते. दोघींची मिळून प्राणहिता होते आणि ती सिरोंचाजवळ गोदावरीला मिळते.

नकाशावर हा जलमार्ग झकास दिसतो. कागदावरही तो आहे. २०१६ च्या राष्ट्रीय जलमार्ग कायद्याने देशात एकूण १११ राष्ट्रीय जलमार्ग घोषित झाले. त्यात पैनगंगा-वर्धा हा ७८ क्रमांकाचा, तर वैनगंगा-प्राणहिता हा १०९ क्रमांकाचा जलमार्ग आहे.

पण घोषित होणं आणि बोट चालण्याजोगं होणं यात बराच फरक आहे. वर्धा ही पावसावरची नदी. पावसाळ्यात ती दुथडी भरून वाहते, उन्हाळ्यात मात्र अनेक ठिकाणी लोक पायीच नदी ओलांडतात. मध्ये बंधारे आहेत, खडक आहेत, आणि रेतीचा उपसा झालेल्या घाटांवर खोल खड्डे आहेत. गेल्या वर्षी जिथे डोह होता तिथे यंदा रेतीचा बेट तयार झालेला असू शकतो.

दुसरी बाजू पुराची. जुलै २०२२ च्या पुरात वर्धा आणि इरईचं पाणी चंद्रपूर जिल्ह्यातल्या अनेक गावांत आणि चंद्रपूर शहराच्या सखल भागात शिरलं होतं. अशा वेळी काठाला बांधलेली बोट वाचवायची कशी, हा प्रश्न बोट घेण्याआधी सुटायला हवा.

म्हणून या भागात केबिनवाल्या बोटीचा विचार करायचा तर नदीपेक्षा धरणाचं पाणी जवळचं वाटतं. चंद्रपूरच्या महाऔष्णिक वीज केंद्राला पाणी पुरवणारं इरई धरण भद्रावतीपासून फार लांब नाही. वैनगंगेवरच्या गोसीखुर्द धरणाचा जलाशय विस्तीर्ण आहे. मात्र धरणात बोट घालायला धरण ज्यांच्या ताब्यात आहे त्यांची परवानगी लागते. इरईचा फुगवटा ताडोबाच्या जंगलाला लागून असल्याने तिथे वनविभागाचा प्रश्नही येतो. ही परवानगी हातात येण्याआधी बोटीचा बयाणा देणं म्हणजे प्लॉट घेण्याआधी विटा आणून टाकणं.

जुन्या बोटी येतात कुठून?

विदर्भात अशा बोटींचा बाजार नाही. जुना माल मुख्यतः कोकण-मुंबईची खाडी, गोवा आणि केरळमधून येतो.

गोव्यात मांडवीवर पर्यटकांच्या बोटी वर्षानुवर्षं चालतात. तिथे लोहखनिज वाहणाऱ्या बार्जेसचाही मोठा ताफा होता. २०१२ मध्ये खाणी बंद पडल्या, पुढे २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ८८ खाणपट्ट्यांचं नूतनीकरण रद्द केलं. त्यामुळे कित्येक बार्जेस काठाला उभ्या राहिल्या. उभी राहिलेली बोट स्वस्त मिळते, पण पाण्यात नुसती उभी असलेली बोट चालत्या बोटीपेक्षा लवकर खराब होते, हे विसरता येत नाही.

केरळमधल्या हाऊसबोटी दिसायला देखण्या असतात, पण लाकूड, काथ्या आणि बांबूच्या असल्याने त्यांना सतत देखभाल लागते. ती करणारे कारागीर तिथेच आहेत, चंद्रपुरात नाहीत.

आणायची कशी?

अनेकांचा हिशेब इथेच चुकतो. समुद्रातून वर्धा नदीत बोट चालवत आणता येत नाही, ती ट्रेलरवरच येणार. रस्त्यावरच्या वाहनाची रुंदी नियमाने २.६ मीटरपर्यंत असते. बोट त्याहून रुंद असेल तर ती जादा आकाराचा माल ठरते आणि तिच्यासाठी वेगळी परवानगी लागते. मुंबई-नागपूर समृद्धी महामार्गच ७०१ किलोमीटरचा आहे, पुढे भद्रावती आणखी सव्वाशे किलोमीटरच्या आसपास. त्यात दोन्ही टोकांना क्रेन धरा. स्वस्तात मिळालेली बोट घरी येईपर्यंत स्वस्त राहत नाही, ती अशी.

कागदपत्रं कोणती बघायची?

१९१७ च्या जुन्या कायद्याच्या जागी आता अंतर्देशीय जलयान कायदा, २०२१ आहे. या कायद्यामुळे एका राज्यात झालेली बोटीची नोंदणी देशभर ग्राह्य धरली जाते. इंजिनावर चालणाऱ्या बोटीसाठी या गोष्टी तपासायच्या:

- नोंदणी प्रमाणपत्र: बोटीवर कोरलेला क्रमांक आणि कागदावरचा क्रमांक एकच आहे का? विकणारा माणूसच मालक आहे का?
- सर्व्हे प्रमाणपत्र: बोट सुरक्षित असल्याचा हा दाखला असतो. तो कोणत्या तारखेपर्यंत आहे आणि किती प्रवाशांसाठी आहे, हे दोन्ही बघायचं.
- विमा: कायद्याने तो बंधनकारक आहे. विमा कंपनीने आधी कधी दावा मंजूर केला असेल तर अपघाताचा इतिहास कळतो.
- कर्जाचा बोजा: बोट बँकेकडे गहाण असेल तर बँकेचं ना हरकत पत्र हवं.
- वापराचा प्रकार: मासेमारीसाठी किंवा खासगी वापरासाठी नोंदलेल्या बोटीत तिकीट लावून प्रवासी बसवता येत नाहीत.

महाराष्ट्रात या कामासाठी १९९६ च्या कायद्याने स्थापन झालेलं महाराष्ट्र सागरी मंडळ, म्हणजे मेरीटाईम बोर्ड आहे. गोव्याच्या बोटीसाठी तिथल्या कॅप्टन ऑफ पोर्ट्स खात्याकडे विचारणा करता येते. बोट चालवणाऱ्या सारंगाकडे आणि इंजिन सांभाळणाऱ्या ड्रायव्हरकडेही सक्षमतेचं प्रमाणपत्र लागतं. 'आमच्याकडचा पोरगा चालवेल' एवढ्यावर काम भागत नाही.

बोट प्रत्यक्ष बघताना

बोट पाण्यात असताना बघून सौदा करू नये. ती पूर्ण बाहेर काढायला सांगावी, कारण खरी गोष्ट तळाला असते.

फायबरच्या बोटीवर छोट्या हातोडीने हळू ठोकत जायचं. सगळीकडे टणक आवाज आला तर ठीक. मध्येच बद्द आवाज आला तर आतला थर सुटलेला किंवा पाणी मुरलेलं असू शकतं. तळाला फोड आलेत का, मागच्या ज्या फळीवर इंजिन बसतं ती हलते का, हे बघायचं. लोखंडी बोटीच्या पत्र्याची जाडी यंत्राने मोजून घ्यायची. नवा रंग दिसला की खुश होण्याऐवजी तो आत्ताच का दिला, हे विचारायचं.

इंजिन किती तास चाललंय, हे बोटीच्या बाबतीत किलोमीटरसारखं असतं. खाऱ्या पाण्यात चाललेल्या इंजिनाच्या थंड ठेवणाऱ्या नळ्यांत मीठ आणि गंज साचतो. तेल काढून बघावं, दुधासारखं दिसलं तर त्यात पाणी गेलंय. ट्रायल रिकाम्या बोटीत न घेता जितके प्रवासी बसवायचेत तेवढं वजन ठेवून घ्यावी. शेवटी, या इंजिनाचे सुटे भाग नागपुरात मिळतात का, हेही विचारून ठेवावं.

शक्य असेल तर विकणाऱ्याने सुचवलेल्याऐवजी स्वतः निवडलेला सर्व्हेअर न्यावा. त्याची फी जास्त वाटली तरी चुकीच्या बोटीपेक्षा ती कमीच असते.

सगळ्यांना क्रूझरच हवी असते का?

चंद्रपूर-गडचिरोलीत बोट ही फक्त हौस नाही. इथे कित्येक गावांचं शेत, बाजार आणि मजुरी नदीच्या पलीकडे असते आणि तिथे पोहोचवतो तो लाकडी डोंगा. २३ जानेवारी २०२४ ला चामोर्शी तालुक्यातल्या गणपूरजवळ वैनगंगेत डोंगा उलटला. मिरची तोडणीच्या कामाला निघालेल्या ६ महिलांचा त्यात जीव गेला. त्याआधी १४ सप्टेंबर २०२१ ला वरुड तालुक्यातल्या झुंज इथे वर्धा नदीतच नाव उलटून ११ जण बुडाले. २१ मे २०२४ ला उजनीच्या पाण्यात वादळी वाऱ्याने बोट उलटली आणि ६ जण गेले.

या तिन्ही घटना बघितल्या की एक गोष्ट स्पष्ट होते. बोट महाग की स्वस्त, हा नंतरचा मुद्दा. तिच्यात किती माणसं बसली, वारा कसा होता आणि प्रत्येकाच्या अंगात लाइफ जॅकेट होतं का, हे प्रश्न आधीचे.

२०२१ च्या कायद्यात इंजिन नसलेल्या नावांचाही विचार केलाय. अशा नावांची नोंद स्थानिक स्वराज्य संस्थांच्या पातळीवर ठेवण्याची तरतूद त्यात आहे. त्यामुळे एखाद्या गावाची खरी गरज नदी ओलांडण्याची असेल, तर परराज्यातली केबिनवाली बोट आणण्यापेक्षा सपाट तळाची साधी, मजबूत नाव, पुरेशी लाइफ जॅकेटं आणि 'इतकेच प्रवासी' अशी ठळक पाटी जास्त उपयोगाची ठरते.

आणि निर्णय क्रूझरचाच झाला असेल, तर पहिली भेट बोटीच्या दलालाची नको. ती नदीवर पिढ्यान् पिढ्या जाळं टाकणाऱ्या ढिवर बांधवांची घ्यावी. एप्रिल-मे महिन्यात पाणी कुठे उरतं, खडक कुठे आहे आणि वारा कुठल्या बाजूने उठतो, हे त्यांना कुठल्याही अ‍ॅपपेक्षा जास्त माहीत असतं. त्यांनी 'उन्हाळ्यात इथं पाणी राहत नाही' असं सांगितलं, तर तो सौदा तिथेच थांबवलेला बरा.