हडसनचा गरुड आणि आजीच्या भिंतीवरची तारीख

हेडफोन लावलेत ना? आज ट्रेनच्या खिडकीतून सुरुवात करू.

न्यूयॉर्कच्या ग्रँड सेंट्रलहून मेट्रो-नॉर्थची हडसन लाइन निघते आणि अगदी नदीला चिकटून उत्तरेकडे जाते. मी आठवड्यातून दोनदा तिनेच ऑफिसला जातो. डावीकडची खिडकी मिळाली नाही तर माझा दिवस खराब. कारण? बाल्ड ईगल! टक्कल वगैरे काही नसतं बरं का, डोकं पांढरंशुभ्र असतं.

जानेवारीत उत्तरेकडचं पाणी गोठलं की ते मोकळ्या पाण्याच्या शोधात खाली येतात. वाहत्या बर्फाच्या लादीवर निवांत बसलेले दिसतात. मार्चपर्यंत पाहुणे परत जातात, इथले जोडपी अंडी उबवत असतात. साधारण 35 दिवस. जूनच्या सुमारास पिल्लं उडायला लागतात, पण तोवर झाडं इतकी भरतात की फार काही दिसत नाही. पिल्लाचं डोकं पांढरं व्हायला चार-पाच वर्षं लागतात. मी पहिलं वर्षभर तपकिरी पिल्लांना घार समजत होतो, हसू नका.

पण मला वेड लावलं ते यांच्या इतिहासाने. 1963 मध्ये अलास्का सोडून अख्ख्या अमेरिकेत घरटी करणारी फक्त 417 जोडपी मोजली गेली. न्यूयॉर्क राज्यात तर शेवटी एकच घरटं उरलं होतं. बंदुका आणि झाडतोड आधीपासून होतीच. त्यात दुसऱ्या महायुद्धानंतर शेतांवर, दलदलींवर डीडीटी फवारलं गेलं. ते पाण्यात, मग माशांत, मग मासे खाणाऱ्या गरुडांत. अंड्याचं कवच इतकं पातळ झालं की उबवायला बसलेल्या पक्ष्याच्या वजनानेच अंडं फुटायचं.

1972 मध्ये तिथे डीडीटीवर बंदी आली. पण न्यूयॉर्कमध्ये अंडी घालायला गरुड होते कुठे? मग 1976 पासून राज्याने ‘हॅकिंग’ सुरू केलं. आमच्या धंद्यातला शब्द वाटतो, पण तो ससाणे पाळणाऱ्यांचा, फार जुना. पिल्लू उंच मचाणावर ठेवायचं, माणूस दिसू न देता खाऊ घालायचं आणि पंख आले की सोडून द्यायचं. 1988 पर्यंत अशी 198 पिल्लं सोडली. बहुतेक कुठून आणली? अलास्कातून. त्याच अलास्कात 1917 पासून 1953 पर्यंत गरुड मारला की सरकार पैसे द्यायचं, आणि लाखाहून जास्त मारले गेले! 1997 मध्ये हडसनकाठच्या घरट्यातून शंभरेक वर्षांनी पहिलं पिल्लू उडालं. मी तेव्हा रांगत असेन.

हे सगळं मी उत्साहात आजीला फोनवर सांगितलं. डीडीटी कसलं भयंकर वगैरे. ती शांतपणे म्हणाली, “बाळा, त्या पावडरीला नावं ठेवू नकोस. माझा धाकटा भाऊ हिवतापाने गेला, तेव्हा ती आली नव्हती. नंतर फवारणीवाले यायचे, भिंतीवर तारीख लिहून जायचे. ती तारीख आई पुसू द्यायची नाही.”

मी गप्पच झालो. मग आकडे शोधले. 1947 च्या सुमारास भारतात वर्षाला अंदाजे साडेसात कोटी लोकांना हिवताप व्हायचा, आठ लाख मरायचे. साठच्या दशकाच्या मध्यावर रुग्ण लाखभरावर आले. पुढे डासांना सवय झाली, आजार परत वाढला, ती वेगळी गोष्ट. घरातल्या भिंतीवर मारणं आणि विमानातून शेतांवर ओतणं यात फरक आहे, हे मला कळतं. पण ते फोनवर तिला ऐकवायची हिंमत झाली नाही. तिचा भाऊ होता तो.

मागच्या हिवाळ्यात एक गरुड अगदी रुळाजवळच्या झाडावर दिसला. चार सेकंदांचा हलणारा व्हिडिओ मिळाला, तो आजीला पाठवला. उत्तर आलं, “डोकं माझ्यासारखंच आहे. मासा पकडला का त्याने?”

माहीत नाही. ट्रेन पुढे गेली होती.