इंधन दाब नियामक आणि त्याची अदलाबदल

पेट्रोल एंजिनाच्या इंधन-अंतःक्षेपण यंत्रणेत अंतःक्षेपकांना मिळणाऱ्या पेट्रोलचा दाब ठराविक राखणाऱ्या झडपेला इंधन दाब नियामक म्हणतात. अंतःक्षेपक किती काळ उघडा राहावा, एवढेच इलेक्ट्रॉनीय नियंत्रक ठरवितो; तेवढ्या काळात किती पेट्रोल बाहेर पडेल, हे दाबावर अवलंबून असते. म्हणून एका मोटारगाडीच्या नियामकाऐवजी दुसऱ्या नमुन्याच्या गाडीचा नियामक बसविल्यास एंजिनाला मिळणाऱ्या इंधनाचे प्रमाण बदलू शकते.

कार्ब्युरेटरमध्ये हवेच्या प्रवाहामुळेच पेट्रोल ओढले जात असल्याने अशा काटेकोर दाबाची गरज नव्हती. अमेरिकेतील बेंडिक्स कंपनीने १९५७ मध्ये इलेक्ट्रॉनीय अंतःक्षेपण जाहीर केले. तथापि त्याचा प्रसार झाला नाही. जर्मनीतील बॉश कंपनीची ‘डी-जेट्रॉनिक’ यंत्रणा १९६७ मध्ये फोक्सवॅगन १६०० या गाडीत आली. तिच्यातील दाब सु. २ बार असून तो नियामकावरील स्क्रू फिरवून कमीजास्त करता येत असे.

त्यानंतर १९७० च्या दशकात आलेल्या ‘एल-जेट्रॉनिक’ यंत्रणेतील नियामक मात्र कायमचा बंद केलेली धातूची डबी होती. तिच्यात एका लवचिक पटलामुळे दोन कप्पे होतात. एका कप्प्यात पेट्रोल, तर दुसऱ्यात स्प्रिंग असते. स्प्रिंगचा कप्पा बारीक नळीने एंजिनाच्या अंतर्ग्रहण नळीस जोडलेला असतो. पेट्रोलचा दाब वाढला की पटल उचलले जाऊन जादा पेट्रोल टाकीत परतते. अंतर्ग्रहण नळीतील निर्वाताप्रमाणे दाबही बदलत असल्याने अंतःक्षेपकाच्या दोन्ही बाजूंमधील दाबांतर स्थिर राहते. हे दाबांतर २·५ किंवा ३ बार असे कारखान्यातच निश्चित होई. स्क्रू नाहीसा झाल्यामुळे दाब बदलू इच्छिणाऱ्यांना निराळ्या दाबाचा नियामक शोधणे भाग पडले. अनेक नमुन्यांचे नियामक बाह्यतः सारखेच असल्याने अदलाबदल सोपी झाली आणि तिच्यातील चूक लक्षात येणे अवघड झाले.

अंतःक्षेपकातून बाहेर पडणारे इंधन दाबांतराच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढते. त्यामुळे २·५ बारऐवजी ३ बारचा नियामक बसविल्यास दाब २० टक्के, पण इंधन सु. ९·५ टक्केच वाढते. १४·७ : १ हे हवा-इंधन प्रमाण सु. १३·४ : १ होते. टर्बोभरक बसवून एंजिनाला अधिक हवा पुरविली असल्यास ही वाढ उपयोगी पडते. अन्यथा पेट्रोल वाया जाते, धुरातील कार्बन मोनॉक्साइड वाढतो आणि उत्प्रेरक तापून निकामी होऊ शकतो. उलट, कमी दाबाच्या नियामकामुळे मिश्रण विरल होऊन जास्त भाराखाली एंजिनाला धोका संभवतो. जुन्या नियामकाचे पटल फाटलेले असल्यास पेट्रोल निर्वात नळीतून थेट एंजिनात शिरते.

व्होल्व्हो कंपनीने १९७६ मध्ये निष्कास वायूतील ऑक्सिजन मोजणारा संवेदक वापरात आणला. संवेदकाच्या संदेशानुसार नियंत्रक अंतःक्षेपणाचा काळ आपोआप कमीजास्त करू लागला. परिणामी साधारण वेगात नियामक बदलल्याचा परिणाम मर्यादेत भरून निघतो. परंतु पूर्ण भाराच्या वेळी बहुतेक जुन्या यंत्रणा संवेदकाकडे लक्ष देत नसल्याने तो तेथे कायम राहतो.

पुढे १९९० च्या दशकात अनेक गाड्यांत नियामक टाकीपाशीच बसविण्यात आला. एंजिनाजवळ तापलेले पेट्रोल टाकीत परत येणे त्यामुळे थांबले व बाष्पीभवन घटले. या रचनेत अंतर्ग्रहण नळीतील दाबाचा हिशेब नियंत्रकच करीत असल्याने येथील नियामक आधीच्या रचनेत चालत नाही. मित्सुबिशी कंपनीने १९९६ मध्ये आणलेल्या थेट अंतःक्षेपण एंजिनात दाब सु. ५० बार होता. अशा पद्धतीच्या नंतरच्या यंत्रणांत नियंत्रक हा दाब सतत बदलत असतो. तेथे दाबाचा ठरीव आकडा असलेली सुटी डबी उरली नाही आणि ती बदलून मिश्रण बदलण्याची जुनी युक्तीही संपुष्टात आली.