नाव, वस्तू आणि विष : औषधनियमनाच्या इतिहासातील तीन प्रसंग

विषबाधेच्या इतिहासात शब्दांचा संबंध काय, हा प्रश्न प्रथमदर्शनी चमत्कारिक वाटेल. तथापि एखाद्या पदार्थास ‘औषध’ म्हणावयाचे की ‘आहार’, यावरच त्याची तपासणी केव्हा व किती कसोशीने व्हावयाची, हे ठरत आलेले आहे.

१९३७ साली अमेरिकेत ‘एलिक्झिर सल्फॅनिलमाइड’ हे पातळ औषध विक्रीस आले. त्यात द्रावक म्हणून डायएथिलीन ग्लायकॉल वापरले होते. चवीस गोड असे हे द्रव्य मूत्रपिंडे निकामी करते. शंभरांहून अधिक माणसे दगावली. विक्रीपूर्वी औषधाची निर्धोकता सिद्ध करण्याचे बंधन तत्कालीन कायद्यात नव्हते. माल जप्त करण्यास आधार सापडला तो केवळ नावाचा. ‘एलिक्झिर’ म्हणजे मद्यार्कयुक्त द्रावण, आणि यात मद्यार्क मुळीच नव्हता. पुढील वर्षी तेथे नवा कायदा झाला. भारतात औषधविषयक कायदा १९४० साली आला.

कायदा असूनही तेच विष १९८६ च्या आरंभी मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात शिरले. रुग्णांना दिलेल्या ग्लिसरीनमध्ये ते मिसळलेले होते. १४ रुग्ण मृत्युमुखी पडले. न्यायमूर्ती लेंटिन यांच्या चौकशी आयोगाने रुग्णालयाची खरेदीपद्धती आणि अन्न व औषध प्रशासनाचा कारभार या दोहोंवर कठोर ठपका ठेवला. येथे नाव निर्दोष होते, वस्तू मात्र निराळी होती.

तिसरा प्रसंग इंटरनेटवरील खरेदीचा. आयुर्वेदीय कल्प भारतात कायद्याने औषध ठरतात; अमेरिकेत मात्र ते बहुधा ‘पूरक आहार’ म्हणून विकले जातात, आणि १९९४ च्या तेथील कायद्याप्रमाणे अशा आहारास विक्रीपूर्व मान्यता लागत नाही. इंटरनेटवरून मागविलेल्या १९३ उत्पादनांची परीक्षा करून २००८ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात सुमारे एकपंचमांश उत्पादनांत शिसे, पारा किंवा सोमल आढळला. भारतीय व अमेरिकी बनावटीत या बाबतीत फारसा फरक नव्हता. दोष देशाचा नसून तपासणीच्या अभावाचा होता, हे यावरून उघड होते.

भारतातही २००६ च्या अन्नसुरक्षा कायद्याने पूरक आहारास अन्नाच्या वर्गात घातले आहे. रुग्णालयात निदान खरेदी अधिकारी, औषधनिर्माता व वैद्य अशी साखळी तरी असते, आणि तीही १९८६ साली तुटली. आंबेगाव तालुक्यातील कळंबसारख्या गावी घरपोच येणाऱ्या डब्याच्या बाबतीत ही साखळीच उरत नाही. ग्राहकाच्या हाती राहते ते वेष्टनावरील नाव. आणि नाव हे वस्तूचे प्रमाण नव्हे, हेच या तिन्ही प्रसंगांचे सार होय.